'विक्रांत'वरचं सी हॉक: कटर उचलण्याआधी

अनेक आशीर्वाद.

'विक्रांत' या विमानवाहू नौकेच्या डेकवरच्या सी हॉक या लढाऊ जेटचं प्लास्टिक मॉडेल करायचं ठरवलंस, उत्तम. पण डबा उघडला की लगेच भाग कापायला बसू नकोस. आधी एकच विमान निवड, नंबरासकट, आणि त्याचा १९७१च्या आसपास बाजूने काढलेला फोटो शोध.

कारण फिन, म्हणजे शेपटीचा उभा पंख. आपल्या नौदलाने १९६०पासून घेतलेली सी हॉक ब्रिटिश एफजीए ६ या उपप्रकाराची. पुढे पश्चिम जर्मन नौदलाने वापरलेली मार्क १०० आणि १०१ या उपप्रकारांची विमानंही आली. त्यांची फिन उंच. ३०० स्क्वाड्रनचं पांढऱ्या वाघाचं चिन्ह दोन्हींवर चालेल, पण उंच फिनवर आखूड फिनवाल्याचा नंबर चिकटवलास तर जाणकाराला लगेच खटकेल. गोव्यात बोगमाळ्याजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयातलं सी हॉक चाकांचे कप्पे आणि एक्झॉस्ट पाहायला फार उपयोगी. रंगासाठी मात्र त्यावर विसंबू नकोस. उघड्यावरची विमानं पुन्हापुन्हा रंगवली जातात.

इंजिन एकच असलं तरी त्याचा धूर दोन्ही पंखांच्या मुळांशी दोन नळ्यांतून बाहेर पडतो. या नळ्या आणि हवा आत घेणारी तोंडं आतून आधीच रंगव. धड चिकटलं की तिथे ब्रश पोचत नाही.

नाकात वजन हवंच, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. सगळे मोठे भाग टेपने जोड, मुख्य चाकं येतात त्या रेषेखाली पेन्सिल आडवी ठेव आणि नाक खाली झुकेपर्यंत वर शिसं ठेवत जा. झुकलं की आणखी थोडं घाल, कारण रंग आणि मागचे बारीक भाग नंतर येतात. नाकात जागा कमी. उरलेलं कॉकपिटच्या तळाखाली. शिसं इपॉक्सीनेच बसव. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात ते काही वर्षांत गंजून फुगतं आणि धडाचा जोड उकलतो. काम झालं की हात धू.

रंगात आधी विमानाच्या खालच्या बाजूचा 'स्काय' नावाचा रंग: फिकट, हिरवटसर. तो दिवसभर वाळू दे, मग त्यावर टेप लावून (मास्किंग करून) वरच्या बाजूचा गडद करडा, एक्स्ट्रा डार्क सी ग्रे. उलट केलंस तर गडदावर फिकट झाकायला थरावर थर द्यावे लागतात आणि पॅनेलच्या रेषा बुजतात. दोन रंगांची सीमा फोटोवरूनच घे. एअरब्रशच्या ०.३ मिमी नोझलला १५ पीएसआयच्या आसपास दाब पुरतो. कोकणातल्या पावसाळ्यात लॅकर वार्निश मारू नकोस: थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर पांढरा पडतो. मारूनच बसलास तर कोरड्या दिवशी रिटार्डर थिनरची (हळू उडणाऱ्या थिनरची) हलकी फवारणी दे, बहुतेकदा निवळतं.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, चकचकीत ग्लॉस वार्निशवरच लाव. खरबरीत मॅटवर खाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात; तसं झालंच तर सुईने टोचून सॉफ्टनर (डेकल मऊ करणारं द्रव) सोड. राउंडेलमध्ये, म्हणजे तिरंगी गोल चिन्हात, केशरी मध्ये, हिरवा बाहेर. गडद करड्यावर केशरी मळकट दिसतो, कारण डेकलची पांढरी शाई पातळ असते. जास्तीचा संच असेल तर दोन राउंडेल एकावर एक लाव, मधे रात्रभर थांबून.

झिजलेल्या रंगाचे ओरखडे काढायची हौस आवर. १९७१च्या युद्धात ४ डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ल्याला गेलेली विमानं वापरातली होती, भंगारातली नव्हेत.

फिनचा फोटो मिळाला की पाठव. मार्क कोणता ते बघून कळवेन.