पाइनचा कोन लेथवर फुटतो

प्रश्न: मनालीहून आणलेला पाइन कोन (पाइनच्या झाडाचं खवल्यांचं बोंड) पेन करायला लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर लावला, तर खवले उडून थेट चष्म्यावर! कुठे चुकलं?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: अहो, कोन नुसता लावायचा नसतोच, खवल्यांमध्ये सगळी पोकळी. ओव्हनमध्ये मंद आचेवर खडखडीत वाळवा, गार झाला की साच्यात ठेवून रेझिन (ओतल्यावर कडक होणारं पातळ प्लास्टिक) ओता. माझी पहिली खेप परळच्या चाळीत, ऐन जुलैत. कोन दमट राहिलेला, त्या ओलीने पॉलियुरेथेन रेझिन असं फसफसलं की साच्यातून निघाला जाळीदार ढोकळा! बायको अजून हसते. ठोकळा कडक झाल्यावर 7 मिलिमीटरचं भोक पाडून पेनाची पितळी नळी आत चिकटवा, मग लेथवर धारदार पटाशी, हलका हात. कापलेल्या खवल्यांच्या तपकिरी नक्षीसाठी एवढी खटपट. करवंटीचे तुकडेही असेच ओतता येतात. चष्मा घातला होतात, हे मात्र बरं केलंत.