सकाळचा ठराविक दिनक्रम असेल तर स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला कामांचा अग्रक्रम ठरवायला मदत होते का?

होते, पण पहाटे पाचला उठल्याने नव्हे. नोकरीत आज काय करायचं हे वरिष्ठ सांगतात. स्वतःच्या धंद्यात ते कोणी सांगत नाही, मग ज्याचा मेसेज आधी येतो तोच साहेब होऊन बसतो. म्हणून दिनक्रमातलं खरं कलम एकच: फोन हातात घेण्याआधी आजची कामं कागदावर उतरवायची.

समजा यादीत नवं कोटेशन, थकलेल्या बिलाची आठवण, वेबसाइटचा रंग बदलणं आणि एका ग्राहकाचं 'जरा बघता का?' एवढं आहे. प्रत्येकापुढे लिहा: आज नाही केलं तर नक्की काय अडेल? रंगापुढे काहीच लिहिता येत नाही. बिलाचा फोन मात्र अवघडल्यासारखं होतं म्हणून रोज पुढे ढकलला जातो, आणि पैसे तिथेच अडकलेले असतात. तो आधी करा.

यादी तीन कामांवर गेली की सावध व्हा. कामाला लागणारा वेळ आपण हमखास कमी धरतो. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या सवयीवर लिहून ठेवलंय. त्यामुळे दुपारचा थोडा वेळ मोकळाच ठेवा, अचानक आलेली कामं तिथे जातील.

व्यायाम, ध्यान वगैरे जमलं तर उत्तमच, पण त्याने अग्रक्रम ठरत नाही. आणि घरात लहान मूल असेल तर यादी करायची ही दहा मिनिटं आदल्या रात्री काढली तरी चालतात.