सोलापूरचे बिऱ्हाड भूतानमध्ये

प्रश्न : मुलाची बदली भूतानमधील ‘हा’ नावाच्या गावी, भारतीय लष्करी प्रशिक्षण पथकात झाली असून कुटुंब नेण्याची परवानगीही मिळाली आहे. सूनबाई व सात वर्षांची नात सोलापूरबाहेर कधी राहिलेल्या नाहीत. तयारी कशी करावी? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : भारतीयांना तेथे व्हिसा लागत नाही; मात्र प्रवेशासाठी आधार कार्ड चालत नसल्याने सूनबाईंचा पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आणि नातीचा जन्मदाखला हाताशी ठेवावा. शाळा सोडल्याचा दाखलाही आताच घ्यावा. चलनाची चिंता नको, कारण न्गुलत्रुम रुपयाच्याच मोलाचा आहे.

खरी कसोटी स्वयंपाकघरात लागेल. सुमारे २,७०० मीटर उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळत असल्याने पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून कुकर व जादा रिंग अवश्य द्यावी. ज्वारीचे पीठ पोतेभर देऊ नये. पीठ जुने होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना चिरते. शेंगाचटणी मात्र सढळ हाताने द्यावी, ती शेजार जोडायलाही उपयोगी पडते. सोलापुरी चादरीवर हिवाळा निभावणार नाही, रजया लागतीलच. पथक १९६२ पासून तेथे असल्याने तेथे राहून आलेली कुटुंबे शोधली तर सापडतील. तेथे राहून आलेल्या एखाद्या गृहिणीशी सूनबाईंचे निघण्यापूर्वी बोलणे व्हावे, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते.