मालीत फ्रान्स, सिएरा लिओनमध्ये ब्रिटन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २०१३ साली फ्रान्स मालीत उतरला तो युरेनियमवर डोळा ठेवून, हे खरं का? (वाचक, सोलापूर)

उत्तर : अर्धवट खरं. मालीत युरेनियमची चालती खाण नव्हती. खाणी होत्या शेजारच्या नायजरमध्ये, आर्लितला, आणि त्या चालवायची अरेवा ही फ्रेंच सरकारी कंपनी. मालीत लढाई पेटताच आर्लितला फ्रेंच कमांडो पहाऱ्यावर गेले, एवढा धागा पक्का. पण मालीची मुख्य निर्यात सोन्याची, आणि तिथल्या मोठ्या खाणी फ्रेंचांच्या नव्हेत. सगळं खापर खनिजांवर फोडलं की खरी गोष्ट हातातून निसटते.

१० जानेवारीला जिहादी बंडखोरांनी मध्य मालीतलं कोन्ना हे गाव घेतलं. त्यापुढे सेवारेची धावपट्टी; ती गेली असती तर उत्तरेकडे कुमक पाठवणं फार अवघड झालं असतं. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सची ‘सर्व्हाल’ मोहीम सुरू झाली. मालीची राजधानी बामाकोत हजारो फ्रेंच नागरिक होते, साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यात, काही फ्रेंच ओलीस होते. शिवाय मालीचे हंगामी अध्यक्ष त्राओरे यांनीच मदत मागितली होती. एवढ्या झटपट हालचाल जमली, कारण चाडची राजधानी एन्जामेनात लढाऊ विमानं, आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला तुकड्या आणि बुर्किना फासोत विशेष दल असं फ्रेंच बळ आधीच तैनात होतं. आमच्या मते मुख्य हेतू इथेच सापडतो. हाक आल्यावरही फ्रान्स गेला नसता, तर हे तळ ठेवायचे कशाला, असा प्रश्न यजमान देशांनी विचारला असता. आणि तळ गेले की आफ्रिकेतलं वजनही गेलं.

घोडं पेंड खाल्लं उत्तर मालीतल्या किडाल शहरात. जानेवारीअखेर फ्रेंच जवान तिथे पोचले, पण मालीच्या सैन्याला शहराबाहेरच थांबावं लागलं. फ्रेंचांनी हातमिळवणी केली वाळवंटातल्या तुआरेग जमातीच्या एमएनएलए या फुटीरवादी संघटनेशी. वाळवंटात जिहादींचा माग काढायचा तर वाटाडे त्यांच्याकडेच. बामाकोत याचा सरळ अर्थ निघाला : वाचवायला आले आणि फाळणी करायला बसले. ऑगस्ट २०२२ मध्ये फ्रेंच सैन्य मालीतून बाहेर पडलं. त्यामागे दोन लष्करी उठाव आणि रशियन भाडोत्री सैनिकही आहेत, पण संशय किडालपासूनचा.

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांचा ठराव असला की मोहीम तटस्थ मानायची का? (वाचक, पणजी)

उत्तर : आधी ठरावाचा मसुदा कोणी लिहिला ते बघा. सुरक्षा परिषदेत मालीवरचे मसुदे फ्रान्सच लिहायचा. शांतिसेना विभागाचं प्रमुखपदही १९९७ पासून सलग फ्रेंच अधिकाऱ्यांकडेच आहे. याचा अर्थ ठराव खोटा असा नव्हे. पण काय मागायचं आणि काय गाळायचं, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

मग बघा, सैन्य कोणाच्या हुकमाखाली आहे. सिएरा लिओन ही ब्रिटनची जुनी वसाहत. मे २००० मध्ये तिथल्या बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे सुमारे ५०० जवान धरून ठेवले, तेव्हा त्या सेनेचे प्रमुख भारताचे मेजर जनरल विजय जेटली होते. ब्रिटनने राजधानी फ्रीटाउनजवळ छत्रीधारी सैनिक उतरवले, पण ते जेटलींच्या हाताखाली दिले नाहीत. निमित्त होतं आपल्या नागरिकांना बाहेर काढण्याचं. बघता बघता विमानतळाचं रक्षण आणि स्थानिक सैन्याचं प्रशिक्षणही ब्रिटनने अंगावर घेतलं. पूर्वेकडच्या कैलाहुन गावी वेढ्यात अडकलेले शांतिसेनेतले भारतीय गोरखा जवान जुलैत शांतिसेनेच्या ‘खुकरी’ मोहिमेतून सुटले. तिला ब्रिटनने चिनूक हेलिकॉप्टरं दिली. स्वतःच्या पायदळाचे हुकूम मात्र लंडनहूनच सुटत राहिले.