एम, एक्स आणि काळा रोल

प्रश्न : आजोबांचा याशिका-मॅट (वरून वाकून बघायचा, दोन लेन्सचा जुना रोलचा कॅमेरा) माळ्यावर सापडला. लेन्सजवळच्या एका खटक्यावर एम, एक्स, व्ही अशी अक्षरं आहेत, शेजारी वायरचं बारीक भोक. वरच्या हुडात चौकोनी खिडकीही आहे. हे कशासाठी? – एक वाचक, पाचोरा

उत्तर : भोक फ्लॅशच्या वायरचं. त्याला पीसी सॉकेट म्हणतात. काँप्युटरशी संबंध नाही, प्रॉन्टर आणि काँपुर या शटरांच्या नावांची आद्याक्षरं आहेत ती.

खटक्याची गोष्ट मात्र मला रोख पैसे मोजून कळली. पूर्वी फ्लॅशला काचेचा बल्ब असे, आत धातूची बारीक तार. एका फोटोला एक बल्ब, की गेला. पेटल्यावर तो पूर्ण उजळायला सेकंदाचा पन्नासावा भाग घेई. म्हणून ‘एम’वर आधी बल्ब पेटतो, मग शटर उघडतं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश हजाराव्या भागातच संपतो, त्याला ‘एक्स’च हवा. एरंडोलच्या एका लग्नात भाच्याने कॅमेरा पुसताना खटका ‘एम’वर सरकवला. माझ्या ध्यानात आलं नाही. फ्लॅश उडून विझल्यावर शटर उघडायचं. मांडवात उजेड बेताचाच. बाराच्या बारा फ्रेम काळ्या! वरबाप स्टुडिओत येऊन म्हणाले, “आमना नवरदेव कोठे शे?” बयाणा परत केला, वर चहा पाजला.

तुम्ही असं करा : रोल न घालता मागचं झाकण उघडा, लेन्सचं छिद्र (अपर्चर) पूर्ण उघडं ठेवा, शटरचा वेग १/१२५. फ्लॅश जोडून कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि मागून लेन्समध्ये बघत बटण दाबा. ‘एक्स’वर लखलखीत गोल दिसेल, ‘एम’वर अंधार.

‘व्ही’ म्हणजे सेल्फ टायमर. त्याच्या नादी लागू नका. जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं, मधेच अडकला तर शटरच बसतं.

खिडकीचं सांगतो. हुडाच्या काचेवर चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, पळत्या माणसामागे कॅमेरा उलटाच फिरतो. तेव्हा हुडाची पुढची पट्टी आत दुमडायची आणि मागच्या छिद्राला डोळा लावून सरळ बघायचं. जळगावच्या रथोत्सवात चाकाखाली मोगरी (रथ आवरायचा लाकडी ठोकळा) सारणारे मी असेच टिपले. फोकस मात्र आधी अंदाजाने लावून ठेवावा लागतो.