पी३२० घेताय? सांध्यांकडे नीट बघा

अमेरिकेत २०१४ साली आलेल्या सिग सॉअर पी३२० या पिस्तुलात तिथल्या कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे आतला क्रमांक असलेला स्टीलचा ट्रिगर संच. बाहेरची प्लास्टिकची मूठ हा फक्त बदलता येणारा सुटा भाग. स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे होणारा भाग, सरकते ती या संचाच्या रुळांवर, मुठीवर नाही. त्यामुळे स्लाइड आणि मूठ यांच्यात थोडी फट दिसली तर घाबरू नका. पिस्तुलाची अचूकता मुख्यतः ठरते ती बॅरल (नळी) स्लाइडमध्ये किती घट्ट बसते यावर.

आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. मगच पिस्तूल सुटं करा.

मुठीवरची साच्याची रेघ हाताला टोचत असेल तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलकेच घासा. रुळांजवळ मात्र पेपर नेऊ नका. ४.७ इंची बॅरलची स्लाइड कॉम्पॅक्ट मुठीवर चढवली तर पुढे लोंबते. तो दोष नव्हे, जोडी चुकली.

ट्रिगर संचाला कानस लावायची नाही. पिस्तूल जुनं असेल तर खाली पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून कंपनीने दिलेली २०१७ची मोफत सुधारणा झाली आहे का, हे क्रमांकावरून कंपनीकडे विचारा.