कानामागची गाठ आणि गॅमा नाईफ

प्रश्न: आईचं वय ५८, आम्ही मिरजेजवळ राहतो. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, सारखा गुंईं आवाज, चालताना तोल जातो. एमआरआयमधे तोलाच्या नसेवर १८ मिमीची गाठ दिसली, कॅन्सर नाही म्हणाले. एक डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, दुसरे गॅमा नाईफ. या नाईफने डोकं कापतात का? गाठ निघून जाते का?

उत्तर: ताई, नावात नाईफ असलं तरी कापाकापी काहीच नसते, आणि हे आधी आईला सांगा कारण निम्मी भीती त्या नावाचीच असते. कोबाल्टचे दीडशे-दोनशे बारीक किरण सगळीकडून येऊन फक्त गाठीवर एकत्र मिळतात, म्हणून बाजूच्या मेंदूला फार कमी डोस लागतो. स्वीडनमधे स्टॉकहोमला मेंदूचे सर्जन लेक्सेल यांनी १९६८ ला हे मशीन सुरू केलं. साधारण १२-१३ ग्रे (किरणांच्या डोसचं माप) डोस एकाच दिवसात, बहुतेक पेशंट लगेच घरी.

पण गाठ निघून जात नाही, ती वाढायची थांबते, दहात नऊ जणांची तरी. पहिल्या वर्षभरात ती थोडी फुगलेली दिसू शकते, तेव्हा घाबरून लगेच ऑपरेशनला पळू नका. गेलेलं ऐकू परत येत नाही, उरलेलंही पुढे हळूहळू कमी होऊ शकतं, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. गाठ ३ सेंमीच्या वर असती किंवा मेंदूच्या देठावर दाबत असती तर मी ऑपरेशनच म्हटलं असतं.

गाठ वाढतेय का हे बघायला सहा महिन्यांनी परत एमआरआय, हाही पर्याय असतो, तो विचारा. आणि तोवर रात्री बाथरूमला जाताना लाईट लावूनच जायला सांगा त्यांना.